दोन तुकड्यांचा आलेख

शून्याने भागायचं नाही, हे वाक्य मी आयुष्यात इतक्या वेळा बोलले आहे की पंगतीत लाडू वाढतानाही तोंडातून निघेल की काय अशी धास्ती वाटते. हे एक वाक्य कळलं की परिमेय फलांचा आलेख निम्मा आलाच. उरलेला निम्मा काढताना मात्र भलीभली माणसं माझ्यासमोर पेन्सिल चावत बसलेली मी पाहिली आहेत.

मी बोईसरला गणित शिकवते. आधी शाळेत शिकवत होते. निवृत्त झाल्यावर घरी बसवेना, शिवाय आमच्या यजमानांनी वीजकेंद्रातून निवृत्त झाल्यापासून दिवसभर टीव्ही लावायचं व्रत घेतलं आहे. म्हणून स्टेशनच्या बाजूला एक खोली भाड्याने घेतली. खाली नट-बोल्टचं दुकान, वर माझा क्लास. विद्यार्थी म्हणजे तारापूरच्या कारखान्यांत काम करणारी मोठी माणसं. बाहेरून डिप्लोमा करतात, आणि बाकी सगळे विषय सुटले की गणितात अडकतात. पहिली पाळी सुटली की डबा हातात घेऊन थेट वर येतात. रंगाच्या कारखान्यातल्यांची बोटं रंगलेली असतात, त्यामुळे कुठली वही कोणाची हे मला नाव न बघता कळतं. एकाची पिवळी, एकाची निळी.

मोठ्या माणसांना शिकवण्यात एक सुख असतं आणि एक डोकेदुखी असते. सुख हे की त्यांना खरोखर शिकायचं असतं. डोकेदुखी ही की त्यांना सगळ्याचं कारण हवं असतं. शाळेतलं पोर ‘अनंतस्पर्शी’ हा शब्द मुकाट्याने लिहून घेतं. माझ्या क्लासात सालवडला राहणारे एक साताऱ्याकडचे गृहस्थ वही मिटून बसले. नावात स्पर्श आहे आणि रेषेला स्पर्श तर होत नाही, मग हे नाव ठेवणाऱ्याला जाब कोण विचारणार, असं त्यांचं म्हणणं होतं. त्यांची समजूत काढायला मला अर्धा तास लागला, आणि ती पूर्ण निघाली असं आजही वाटत नाही.

ज्यांना यातलं काही माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. परिमेय फल म्हणजे अपूर्णांकच, फक्त वर आणि खाली नुसत्या आकड्यांऐवजी एक्स असलेली पदं. मी पहिलं उदाहरण कायम एकच देते: वर दोन एक्स वजा चार, खाली एक्स वजा एक. आधी खाली बघायचं. खालचा भाग शून्य कधी होतो? एक्स एक झाला की. तिथे भागाकारच होत नाही, म्हणून तिथे उभी तुटक रेघ मारायची. ही उभी अनंतस्पर्शी. आलेख तिच्या जवळ येतो, वर नाहीतर खाली पळत सुटतो, पण तिच्यावर पाय देत नाही. मग एक्स खूप मोठा घ्यायचा, हजार, लाख. एवढ्या मोठ्या आकड्यांपुढे वजा चार आणि वजा एक यांना कोणी विचारत नाही. उरतं दोन एक्स भागिले एक्स, म्हणजे दोन. दोनच्या उंचीवर आडवी तुटक रेघ मारायची. ही आडवी अनंतस्पर्शी.

ही आडवी रेघ माझ्या लोकांना चटकन कळते. रंगाची टाकी कितीही वेळा धुतली तरी पाण्यात रंग येतच राहतो, कमी कमी होत जातो पण पुरता जात नाही, हे त्यांनी हाताने केलेलं असतं. तेवढं सांगितलं की सगळे मान हलवतात.

मग राहिले छेदबिंदू. वरचा भाग शून्य केला की आलेख आडव्या अक्षाला कुठे कापतो ते मिळतं, इथे दोनवर. एक्सच्या जागी शून्य घातलं की उभ्या अक्षाला कुठे कापतो ते मिळतं, इथे चारवर. दोन तुटक रेघांनी कागदाचे चार कोपरे झालेले असतात. आलेखाचा एक तुकडा वरच्या डाव्या कोपऱ्यात काढायचा, दुसरा खालच्या उजव्या कोपऱ्यात. दोन्हींच्या मध्ये पेन्सिल उचलायची. एवढंच आहे. परीक्षेत हा प्रश्न हमखास येतो, आणि ज्याला जमला त्याचं पास होणं बरंचसं तिथेच ठरतं.

जगदीशला पेन्सिल उचलणं जमत नव्हतं.

जगदीश घिवलीचा. समुद्राकाठी त्यांची वाडी आहे, नारळ आणि भाजी. वाडी आई बघते, आणि आई म्हणजे त्या वाडीची मालकीण, मजूर आणि राखणदार सगळं एकच. जगदीश एका केमिकल कंपनीत पॅनेलवर होता. पॅनेलवरचा माणूस म्हणजे कंट्रोल रूममध्ये बसून रसायनं बनवायच्या रिअॅक्टरचं तापमान आणि दाब यांच्यावर नजर ठेवणारा. कंपनीने नवा नियम काढला होता की पॅनेलवर यापुढे डिप्लोमावालेच राहतील, बाकीच्यांना गुजरातेतल्या नव्या कारखान्यात जावं लागेल. जगदीशचा फक्त गणिताचा पेपर राहिला होता आणि त्यात तो दोनदा आपटला होता. आता ही शेवटची संधी. सुटला तर रोज संध्याकाळी घिवली, नाही सुटला तर बायको-मुलीला घेऊन गुजरात. आई वाडी सोडून एक दिवस मुंबईला लेकीकडे राहत नाही, ती तिकडे येण्याचा प्रश्नच नव्हता. पहिल्याच दिवशी त्याने हे मला सांगितलं आणि वर म्हणाला, “बाई, मला हुशार नाय व्हायचं. मला घरी राहायचं हाय.”

मला असा सरळ विद्यार्थी आवडतो. त्याचं गणित तसं वाईट नव्हतं. खालचा भाग शून्य कधी होतो, बरोबर. आडवी रेघ कुठे, बरोबर. छेदबिंदू दोन्ही बरोबर. आणि शेवटी आलेख काढताना वरच्या डाव्या तुकड्यापासून निघून, उभी तुटक रेघ खुशाल ओलांडून, खालच्या उजव्या तुकड्याला नेऊन मिळवायचा. चार पायऱ्या बरोबर आणि पाचवीत सगळं पाण्यात. मी समजावलं, मी रागावले. दोन तुकडे दोन रंगांनी काढायला लावले, तर त्याने दोन रंग मधोमध आणून भिडवले. एकदा तर मी त्याच्या हातातली पेन्सिल काढून घेतली आणि म्हटलं की तुमच्या लग्नातही अंतरपाट धरला होता ना, तो फाडून पुढे गेला होतात का? सगळे हसले, तोही हसला. पुढच्या गणितात पुन्हा जोडून मोकळा.

एका संध्याकाळी मी वह्या तपासत होते. बाकीचे निघून गेले होते, जगदीश त्याच्या मित्राची मोटारसायकल यायची म्हणून थांबला होता. त्याची वही हातात आली आणि पहिल्यांदाच मी त्याची चूक नीट बघितली. आजवर मी नुसती लाल फुली मारत होते. चुकणारे विद्यार्थी दोन टोकं जोडतात तेव्हा सरळ रेघ ओढतात, पट्टी लावल्यासारखी. जगदीशची रेघ तशी नव्हती. ती बारीक थरथरत गेली होती, मध्ये किंचित जाड, पुढे पुन्हा बारीक, आणि दुसऱ्या तुकड्याला जिथे मिळाली तिथे सांधा शोधून सापडत नव्हता. माणूस चुकून असं काढत नाही. असं काढायला सराव लागतो.

मी विचारलं, ही अशी रेघ तुम्ही कुठे शिकलात? तो जरा लाजला आणि मग खुलला. त्यांच्या जुन्या रिअॅक्टरवर अजून गोल कागदाचे रेकॉर्डर आहेत. कागद हळूहळू फिरतो, त्यावर शाईचं पेन टेकलेलं असतं, आणि दिवसभराचं तापमान त्यावर आपोआप उमटत जातं. नवीन माणूस पॅनेलवर आला की पहिली गोष्ट शिकवतात ती ही की रेघ तुटता कामा नये. पेन कधीकधी सुकतं, कागद अडकतो, आणि मग रेघेत खिंड पडते. तपासणीला माणसं आली की पहिलं बोट त्या खिंडीवर ठेवतात. तेवढा वेळ तापमान किती होतं? कोणाला माहीत? म्हणून खिंड पडली की ती भरायची. तसंच पेन घेऊन, तशाच शाईने, पेन जसं थरथरतं तसंच थरथरवत.

“आणि ते भरतं कोण?” मी विचारलं.

“कंपनीत माझा हात फेमस हाय, बाई,” तो म्हणाला. “दुसऱ्या पाळीत पडली तरी सायेब कागद माझ्यासाठी ठेवतात. माझ्यासारखी कोणाला जमत नाय.”

हे तो अभिमानाने सांगत होता, आणि खरं सांगायचं तर त्याचं काम बघून मलाही क्षणभर कौतुक वाटलं. मग लक्षात आलं, ही खोटी नोंद आहे. मी काही कारखान्यातली नाही, पण नवऱ्याची सगळी नोकरी वीजकेंद्रात गेलेली बाई आहे. नोंद म्हणजे काय हे आमच्या घरात जेवताना ऐकलेलं आहे. तरीही मी त्याला उपदेश केला नाही. उपदेश करायला त्याने मला फी दिली नव्हती. मी म्हटलं, कॅल्क्युलेटर काढा.

एक्सला शून्य घाला, किती आलं? चार. दोन घाला. शून्य. म्हणजे इकडे चार, तिकडे शून्य, दोन्ही अगदी साधे आकडे. आता मधे शिरा. शून्य पूर्णांक नऊ घाला. त्याने बटणं दाबली आणि म्हणाला, बावीस. शून्य पूर्णांक नव्व्याण्णव घाला. दोनशे दोन. पलीकडच्या बाजूने या, एक पूर्णांक शून्य एक. वजा एकशे अठ्ठ्याण्णव. तो पुढे मी न सांगता आणखी नऊ टाकत गेला आणि आकडा वाढत गेला. कॅल्क्युलेटर बाजूला ठेवून तो आपल्याच रेघेकडे बघत बसला. चारवरून निघून शून्याला मिळालेली ती शहाणी, शांत रेघ.

“म्हणजे जो जोडतो, त्याला मधी काय झालं ते कळतच नाय,” तो म्हणाला.

मी म्हटलं, त्यालाही कळत नाही आणि त्याच्यानंतर बघणाऱ्यालाही कळत नाही. म्हणून तिथे तुटक रेघ मारायची आणि शेजारी कारण लिहायचं: इथे खालचा भाग शून्य आहे. कोरी जागा ही चूक नसते, कारण न लिहिणं ही चूक असते. त्याने मान हलवली. खाली मोटारसायकलचा हॉर्न वाजत होता, तरी तो उठला नाही. त्या दिवसानंतर त्याने माझ्याकडे एकही आलेख जोडला नाही. उलट प्रत्येक तुटक रेघेच्या बाजूला कारण लिहून खाली बारीक सही करायला लागला. सही करायची गरज नाही म्हटलं, तर म्हणाला की असू दे.

तो पास झाला. नुसता पास नाही, चांगल्या मार्कांनी. निकालाची प्रत आणि पेढे घेऊन आला तेव्हा मी माझ्या स्वभावाविरुद्ध दोन पेढे खाल्ले. आईला मात्र पॅनेलवर कायम केल्याचं पत्र हातात आल्यावरच सांगणार होता. इतक्या वर्षांत कोणाच्या निकालाचा मला इतका आनंद झाला नव्हता. ज्या चुकीमुळे तो अडला होता तिचं मूळ मी शोधून काढलं होतं, आणि या धंद्यात अशी संधी क्वचित येते. तो घिवलीतच राहणार, आईजवळ राहणार, हे मी घरी यजमानांना टीव्ही बंद करून सांगितलं.

काही आठवड्यांनी तो पुन्हा आला. क्लास सुरू व्हायच्या आधीच, रिकाम्या बाकावर येऊन बसला. मी विचारलं, काय, पुढचा कोर्स करायचाय का? तो नाही म्हणाला आणि सगळं सांगितलं. पेन सुकून रेघेत खिंड पडली होती, बऱ्यापैकी मोठी. दुसऱ्या दिवशी तपासणी होती. शिफ्टच्या साहेबांनी नेहमीप्रमाणे कागद त्याच्यापुढे आणून ठेवला. हे साहेब बाहेरचे, सगळं बोलणं हिंदीत. जगदीशने पेन घेतलं आणि खिंडीच्या शेजारी शाई संपल्याचं लिहून खाली सही केली. साहेबांनी कागद पुन्हा त्याच्यापुढे सरकवला. जोडून दे म्हणाले. जगदीश म्हणाला, “बीच में क्या हुआ मालूम नहीं, साब. कैसे जोडूँ?”

साहेब ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं, असं तो म्हणाला. त्यांनी कागद घेतला आणि आठवड्याभरात बदलीचा हुकूम आला. गुजरातेतल्या कारखान्याला डिप्लोमावाल्या अनुभवी माणसाची गरज आहे म्हणे. नियमाने बघाल तर कुठेही बोट ठेवायला जागा नव्हती.

मी त्याला म्हटलं, तुम्ही एकदा जोडून टाकायचं होतं. होय, मी असं म्हटलं. जे मी स्वतः शिकवलं होतं त्याच्या उलट मी बोलले, कारण माझ्या डोळ्यांसमोर मागे एकटी उरणारी ती आई होती. तो हसला आणि म्हणाला की बाई, हात चाललाच नाय. मी त्याच्या पाठीवरून हात फिरवला, मुलीची शाळा तिकडे नीट बघून घ्या असं सांगितलं. फळा पुसायचं निमित्त करून मी त्याच्याकडे पाठ केली, कारण मला रडू येत होतं आणि क्लासची मंडळी जिना चढत होती.

त्यानंतर असंच एका दुपारी जिन्यात कोणीतरी धापा टाकत चढत असल्याचा आवाज आला. दारात एक म्हातारी बाई, हातात भाजीने भरलेली पिशवी. बाजाराला बोईसरला आली होती आणि विचारत विचारत माझ्यापर्यंत पोचली होती. बसा म्हटलं तर बसली नाही. मीच जगदीशची आई, असं म्हणाली. मी आनंदाने पुढे झाले, पण तिचा चेहरा बघून थबकले.

“तुमीच गणिताच्या बाई ना? माझा पोरगा किती महिने येत व्हता तुमच्याकडं. पाऊस नाय बघितला, ताप नाय बघितला. आणि शेवटी नापासच केलात ना त्याला?”

मला आधी कळेचना ती काय म्हणते आहे. मी म्हटलं, कोण म्हणालं? “तोच बोलला,” ती म्हणाली. “आय, गणित राहिलं, आता जावं लागतंय बोलला. जाताना माझ्या पाया पडला नि लहान पोरासारखा रडला. तुमी जरा नीट शिकवलं असतं तर गेला नसता तो.”

माझ्या कपाटात त्याच्या निकालाची प्रत होती. बदलीचं सांगायला आला त्या दिवशी तो मला देऊन गेला होता, तुमच्याकडे असू दे म्हणून. तेव्हा मला तो प्रेमाचा भाग वाटला होता. आता कळलं की त्याला ती घरात नको होती. नापास झालो म्हटलं की दोष गणिताचा, आणि गणिताला आई चार शिव्या देऊन मोकळी होणार. राहता आलं असतं पण मी साहेबाला नाही म्हणालो, हे सांगितलं असतं तर तिने एकच प्रश्न विचारला असता: त्या कागदावरची रेघ माझ्यापेक्षा मोठी होती काय रे? 

चार पावलांवर कपाट होतं, किल्ली कमरेला होती. माझ्या शिकवण्याला आजवर असं तोंडावर कोणी नाव ठेवलेलं नाही आणि ठेवलं तर मी ऐकून घेणारी नव्हे, हे माझे विद्यार्थी जाणतात. मी तिच्या हातातली जड पिशवी घेतली, तिला खुर्चीवर बसवलं, पाणी दिलं.

“पेपर फार कठीण निघाला, मावशी,” मी म्हटलं. “आणि शिकवण्यात मीच कमी पडले.”